कावीळ, औषध आणि नाव : औषधजन्य यकृतविकाराच्या संशोधनाची वाटचाल

१

औषधाने रोग बरा होतो ही वैद्यकाची पहिली धारणा होय. तेच औषध क्वचित रोगाचे कारण होते, ही दुसरी धारणा पहिलीइतकीच जुनी असली तरी तिचे शास्त्र मात्र फार उशिरा उभे राहिले. चरकसंहितेच्या आरंभीच्या अध्यायात, नीट न जाणलेल्या औषधाची गणना विष, शस्त्र, अग्नी आणि वज्र यांच्या पंक्तीत केलेली आहे. तेथेच वनस्पतींच्या ज्ञानाविषयी एक मार्मिक भेदही केलेला आढळतो. वनस्पतीचे नाव आणि रूप रानात हिंडणाऱ्या गुराख्यांना, धनगरांनाही ठाऊक असते. परंतु नाव व रूप ठाऊक असणे म्हणजे तिचा योग जाणणे नव्हे. नाव, रूप आणि योग या तीन गोष्टींचा परस्परसंबंध कोठे सुटतो व त्याचा अपाय कोणाला भोगावा लागतो, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शरीरात गेलेल्या बहुसंख्य औषधांचे रूपांतर यकृतात होते. साहजिकच औषधाच्या अपायाचा मोठा वाटाही यकृतालाच उचलावा लागतो. या अपायाच्या संशोधनास सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातील रासायनिक तपशिलाचा निर्णय देणे हे प्रस्तुत लेखकाचे काम नव्हे. तो भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. मात्र हा इतिहास चाळताना असे दिसते की, प्रयोगशाळेतील प्रगतीइतकाच तो ‘कारण’ कशास म्हणावे आणि ‘औषध’ कशास म्हणावे या दोन प्रश्नांचा इतिहास आहे. हे दोन्ही प्रश्न अंशतः भाषेचे आहेत. म्हणून हा प्रपंच.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘कावीळ’ हा शब्द संस्कृत ‘कामला’ यापासून आला. ‘ग्राम’चे गाव, ‘नाम’चे नाव झाले, त्याच नियमाने येथे ‘म’चा ‘व’ झाला आहे. चरकाने कामलेचे वर्णन पांडुरोगाच्या अध्यायात केले. डोळे, त्वचा, नखे पिवळी होणे, लघवीचा रंग बदलणे, अन्नाचा तिटकारा येणे ही लक्षणे तेथे येतात. म्हणजे आपल्या परंपरेत कावीळ हे एका रोगाचे नाव आहे. आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने ती केवळ एक खूण आहे. विषाणू, पित्ताचा खडा, मद्य, औषध, रक्तपेशींचा नाश अशी तिच्यामागे अनेक कारणे संभवतात. जेथे भाषेत एकच नाव आहे तेथे सामान्य माणूस एकच कारण व एकच उपाय गृहीत धरतो, आणि काविळीवरचे ‘ठरलेले औषध’ गावोगाव का मिळते याचा उलगडा येथे होतो. मनगटावर डाग देणे, मुळ्यांच्या तुकड्यांची माळ गळ्यात घालणे, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ‘कावीळ उतरविणे’ हे प्रकार महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहेत. विषाणूजन्य कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि उपायाचे श्रेय माळेला मिळते.

अवयवाच्या नावाची कथा याहून मनोरंजक आहे. ‘यकृत’ हा शब्द लॅटिन ‘येकुर’, ग्रीक ‘हेपार’ आणि फारसी ‘जिगर’ यांचा सगोत्र आहे. त्या अर्थी ‘यकृत’, ‘जिगर’ आणि डॉक्टरांच्या तोंडचा ‘हिपॅटायटिस’ हे आजच्या मराठीत नांदणारे तिन्ही शब्द एकाच मूळ शब्दाची तीन दिशांनी आलेली रूपे होत. पण त्यांतील ‘जिगर’ धैर्याचा वाचक झाला. ‘काळीज’ हा शब्दही मुळात यकृताचाच, संस्कृत ‘कालेय’पासून आलेला, बोलीत त्याने हृदयाची व मायेची जागा घेतली. परिणामी ज्या अवयवाला औषधाचा सर्वाधिक भार सोसावा लागतो, त्याला रोजच्या मराठीत स्वतःचे असे निर्विवाद नाव उरलेले नाही. ‘लिव्हर’ हा इंग्रजी शब्द खेड्यापाड्यांत रूढ झाला, तो या रिकाम्या जागेत.

३

औषधजन्य यकृतविकाराच्या संशोधनाचा पहिला टप्पा शस्त्रक्रियेच्या टेबलापासून सुरू होतो. १८४७ साली एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. त्याने होणाऱ्या आकस्मिक मृत्यूंचा विचार करण्यासाठी १८८८ व १८८९ साली निजामाच्या हैदराबादेत दोन आयोग नेमले गेले. मराठवाडा त्या वेळी त्याच राज्यात होता. आयोगांपुढील वाद श्वास प्रथम थांबतो की हृदय, असा होता. यकृताचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडल्यावर काही दिवसांनी उलट्या, कावीळ व मृत्यू असा क्रम मुलांच्या बाबतीत इंग्लंडमध्ये नोंदला गेला, तो १८९० नंतरच्या दशकात. येथे एक महत्त्वाची अडचण प्रथम दिसली. औषध देणे आणि अपाय दिसणे यांत काळाचे अंतर असते, आणि जितके अंतर अधिक तितका संबंध ओळखणे कठीण.

दुसरा टप्पा सोमलाच्या औषधांचा. १९१० साली एर्लिखचे सल्व्हार्सन उपदंशावर आले. उपचार चालू असता कित्येक रोग्यांना कावीळ होई, आणि ती सोमलाची मानली जाई. हे मत तीस वर्षे टिकले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश दवाखान्यांतील निरीक्षणांवरून असे दिसून आले की, यांतील पुष्कळ काविळी औषधाच्या नव्हत्या. अपुऱ्या निर्जंतुक केलेल्या पिचकाऱ्यांतून एका रोग्याच्या रक्तातील विषाणू दुसऱ्याकडे जात होता. दोष औषधावर लावला गेला, दोषी होती सुई. संशोधनाच्या इतिहासात या घटनेचे मोल फार आहे. औषधाला निर्दोष समजणे जसे घातक, तसे त्याला अकारण दोषी ठरवणेही घातक. कारण त्यामुळे खरे कारण तसेच राहते.

तिसरा टप्पा १९५० नंतरचा. १९५२ साली क्षयावर आयसोनियाझिड आले. १९५६ साली भूल देण्यासाठी हॅलोथेन आले. हॅलोथेननंतरच्या काविळीची शहानिशा करण्यासाठी अमेरिकेत जे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले, त्यात साडेआठ लाखांहून अधिक भुलींचा हिशेब घेण्यात आला. तीव्र यकृतनाशाने झालेले मृत्यू दहा हजारांत सुमारे एक इतके थोडे निघाले. पण त्यातून नवा धडा मिळाला : असा विरळ अपाय एका डॉक्टरच्या आयुष्यभराच्या अनुभवातही दिसेलच असे नाही. तो मोठ्या संख्येतच दिसतो. १९६६ साली पॅरासिटॅमॉलच्या अतिमात्रेने यकृत नष्ट झाल्याच्या नोंदी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाल्या. १९७० नंतरच्या दशकात त्यामागील रासायनिक यंत्रणा कळली आणि तिच्यावर उताराही सापडला. हायमन झिमरमन याने या सर्व ज्ञानाची मांडणी करून दोन वर्ग स्थिर केले. एक, मात्रेवर अवलंबून असणारा व प्रत्येकाला संभवणारा अपाय. दुसरा, मोजक्याच व्यक्तींना, योग्य मात्रेतही होणारा अपाय. औषधाने यकृतपेशींना इजा होऊन कावीळ उमटली तर अशा दहा रोग्यांपैकी सुमारे एक दगावतो, हे त्याचे निरीक्षण आजही नव्या औषधांची परीक्षा करताना प्रमाण मानले जाते.

४

विरळ अपायाचे कारण ठरवावयाचे कसे? १९९० च्या सुमारास युरोपातील तज्ज्ञांनी यावर एकत्र विचार केला, आणि १९९३ साली डॅनन व बेनिशू यांनी गुणांकनाची ‘रुकॅम’ ही पद्धत प्रसिद्ध केली. औषध सुरू केल्यापासून लक्षण दिसेपर्यंतचा काळ, औषध थांबवल्यावर होणारा उतार, वय व मद्यपान, बरोबरची इतर औषधे, दुसऱ्या कारणांचे निरसन, त्या औषधाचा पूर्वलौकिक आणि पुन्हा दिल्यास होणारा परिणाम अशा बाबींना गुण देऊन बेरीज करावयाची, असे तिचे स्वरूप आहे. न्यायालयातील पुराव्याच्या कायद्याशी तिचे साम्य सहज लक्षात येईल.

या पद्धतीतील ‘दुसऱ्या कारणांचे निरसन’ ही बाब भारतात विशेष कठीण ठरते, आणि तिचा उलगडा होण्यात पुण्याचा वाटा आहे. १९५५–५६ साली दिल्लीत यमुनेच्या दूषित पाण्यामुळे काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे एकोणतीस हजार लोक आजारी पडले. ही साथ पुष्कळ वर्षे परिचित ‘अ’ विषाणूची समजली जात होती. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांची तपासणी करून १९८० साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी व पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी मिळून असे दाखवले की, ती ‘अ’ किंवा ‘ब’ यांपैकी कोणत्याच विषाणूची नव्हती. पुढे हा विषाणू ‘ई’ या नावाने ओळखला गेला. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकाराच्या नोंदजाळ्याने २०११ साली आपल्या ३१८ संशयित रोग्यांचे रक्त पुन्हा तपासले, तेव्हा ९ जणांत ‘ई’च्या ताज्या संसर्गाची खूण निघाली. जेथे हा विषाणू दुर्मीळ समजला जातो तेथे ही स्थिती! २०१६ च्या सुधारित रुकॅममध्ये ‘ई’ची तपासणी समाविष्ट झाली, ती उचितच होय.

या गोष्टीचा अर्थ आपल्या परिसरात आणून पाहावा. हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे इचलकरंजीला लागून असलेले यंत्रमागांचे गाव. पंचगंगेच्या खोऱ्यातील हा सारा पट्टा दाट वस्तीचा, कामगारांचा. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली आणि तिचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला. आता असा एक कामगार कल्पावा की, जो क्षयाच्या गोळ्या घेत आहे आणि अशा साथीच्या दिवसांत ज्याचे डोळे पिवळे झाले आहेत. ही कावीळ पाण्याची की गोळ्यांची? पाण्याची समजून गोळ्या चालू ठेवल्या तर यकृत निकामी होण्याची भीती. गोळ्यांची समजून त्या कायमच्या बंद केल्या तर क्षय बळावण्याची. क्षयाच्या उपचारात होणाऱ्या काविळीत काही रोगी प्रत्यक्षात विषाणूजन्य काविळीचे असतात, हे २००९ साली दिल्लीच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. सोमलाच्या काळातील कोडे शंभर वर्षांनी आपल्या दारात पुन्हा उभे राहिले आहे, इतकेच.

५

क्षयावरील औषधांचा भारतातील इतिहास मद्रासच्या केंद्रापासून पाहावा लागतो. १९५६ साली स्थापन झालेल्या त्या केंद्राने १९५९ साली असे सिद्ध केले की, घरी राहून औषध घेणाऱ्याला आरोग्यधामातील रोग्याइतकाच गुण येतो. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामांचे युग त्यानंतर ओसरू लागले. ही क्रांती मोठीच. परंतु तिच्याबरोबर एक जबाबदारी मूकपणे स्थलांतरित झाली. आरोग्यधामात रोग्याची भूक, मळमळ, डोळ्यांचा रंग परिचारिका रोज पाहत असे. घरी ते काम रोग्याने व त्याच्या माणसांनी करावयाचे होते.

आयसोनियाझिड त्या वेळी बरेच निर्धोक मानले जाई. १९७० साली वॉशिंग्टनमध्ये प्रतिबंधक उपाय म्हणून ते घेणाऱ्या २,३२१ सरकारी कर्मचाऱ्यांपैकी १९ जणांना यकृतदाह झाला व दोघे मरण पावले, तेव्हा ही समजूत डळमळली. पुढे रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड यांची जोड मिळून उपचाराचा काळ आखूड झाला. परंतु ही दोन्ही औषधेही यकृताला त्रासदायक ठरू शकतात. आयसोनियाझिडचे रूपांतर काहींच्या शरीरात जलद, काहींच्या संथ होते, आणि हा भेद आनुवंशिक आहे. १९७० नंतरच्या दशकात जलद रूपांतर करणाऱ्यांना धोका अधिक असे मत पुढे आले. नंतरच्या अभ्यासांनी पारडे संथ रूपांतर करणाऱ्यांकडे झुकवले. संशोधनाचा कल औषधाकडून माणसाच्या घडणीकडे वळला, तो अशा प्रश्नांतून.

भारतातील चित्र बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील हर्षद देवरभावी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट केले. १९९७ ते २००८ या काळातील ३१३ रोग्यांच्या त्यांच्या अभ्यासात ५८ टक्के अपाय क्षयाच्या औषधांमुळे झालेले होते, आणि १७ टक्क्यांहून अधिक रोगी दगावले. पुढे १६ रुग्णालयांनी मिळून २०१३ ते २०१८ या काळातील १,२८८ रोग्यांची नोंद केली. त्यातही क्षयाची औषधे ४६.४ टक्के होती. मात्र दुसरा क्रम पारंपरिक व पर्यायी औषधांचा, १३.९ टक्के, लागला. पश्चिमी देशांत प्रतिजैविके अग्रभागी असतात. आपल्याकडे क्षय आणि काढे. प्रत्येक देशाचे यकृत त्या देशाचा इतिहास सांगते असे म्हणावयास हरकत नाही. २०१० साली सुरू झालेल्या औषधसतर्कता कार्यक्रमाने अशा अपायांची नोंद राष्ट्रीय पातळीवर घेण्याची सोय केली, आणि २०११ साली बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यास बंदी झाली, ही या सतर्कतेची दृश्य चिन्हे होत.

याच संदर्भात पुण्यातील एका संशोधनाचे स्मरण करणे इष्ट ठरेल. ते औषधाचे नव्हे, भांड्याचे आहे. लहान मुलांना होणाऱ्या व बहुधा प्राणघातक ठरणाऱ्या एका यकृतविकाराचा शोध घेताना, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित यांनी इंग्लंडमधील टॅनर यांच्या सहकार्याने १९८३ साली असे मत मांडले की, कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेल्या वा साठवलेल्या दुधातून तान्ह्या मुलांच्या पोटात तांबे जात असावे. पुढील वर्षांत भांड्यांचा वापर बदलला व हा विकार झपाट्याने कमी झाला. येथे उत्तर सापडले ते आईला विचारलेल्या प्रश्नांतून : दूध कोणते, केव्हापासून, कशात तापवता, कल्हई केव्हा केली होती? योग्य प्रश्न योग्य शब्दांत विचारला गेला, हेच त्या यशाचे मर्म.

६

अलीकडचे प्रकरण गुळवेलीचे. करोनाच्या साथीत रोगप्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघर तिचा काढा घेतला गेला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत यकृतदाहाचे सहा रोगी आढळले, ज्यांनी गुळवेल घेतली होती. आभा नागराळ व सहकाऱ्यांनी २०२१ साली त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये तिच्यावर आक्षेप घेतला. रोग्यांनी घेतलेल्या वनस्पतीचे पृथक्करण झालेले नाही, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया या खऱ्या गुळवेलीऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जात वापरली गेली असण्याचा संभव आहे, असा त्या आक्षेपाचा आशय होता. त्यानंतर देशातील १३ केंद्रांनी ४३ रोग्यांचा एकत्रित अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध केला. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यम काळ ४६ दिवसांचा होता, आणि पुष्कळांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची चिन्हे होती. उपलब्ध नमुन्यांचे पृथक्करणही या वेळी करण्यात आले. वाद तरीही पुरता मिटला असे नाही.

भाषाभ्यासकाला या वादात विशेष रस वाटावा, कारण त्याचे एक टोक नावात आहे. संस्कृत ‘गुडूची’पासून हिंदीत ‘गिलोय’ व गुजरातीत ‘गळो’ अशी रूपे झाली; मराठीत ‘गुळवेल’ रूढ झाले. चवीने कडू असलेल्या या वेलीच्या नावात ‘गूळ’ ऐकू यावा, ही लोकव्युत्पत्तीची गंमत दिसते. तिचे दुसरे नाव ‘अमृता’. नावातच अभयदान असलेल्या वनस्पतीविषयी संशय घेणे सामान्य माणसाला जड जाते. शिवाय ‘गुळवेल’ या एका नावाखाली बाजारात काय येते हेही निश्चित नाही. सह्याद्रीच्या पट्ट्यात लवदार पानांची टिनोस्पोरा सायनेन्सिस ही जातही त्याच नावाने गोळा होते. चरकाने सांगितलेला भेद येथे पुन्हा आठवतो : नाव एक, रूपे अनेक, आणि योग कोणाला ठाऊक? मंत्रालयाचा आक्षेप आणि डॉक्टरांची हकीकत या दोहोंतून एकच मागणी निष्पन्न होते. जे औषध म्हणून विकले जाते त्याची जात निश्चित ठरलेली असली पाहिजे. वनस्पती खरी असो वा तोतया, घरी नेणाऱ्याचे यकृत तोच भार वाहते.

७

आतापर्यंतच्या विवेचनावरून संशोधनाचे कल असे सांगता येतील : एकेका रोग्याच्या हकीकतीकडून मोठ्या संख्येकडे, संख्येकडून पुराव्याच्या गुणांकनाकडे, औषधाच्या गुणधर्माकडून माणसाच्या आनुवंशिक घडणीकडे, आणि दवाखान्यातील औषधाकडून घरातील काढ्याकडे. पण या सर्वांच्या मुळाशी असणारी गोष्ट बदललेली नाही. ती म्हणजे रोग्याने सांगितलेली हकीकत. नोंदजाळे कितीही विस्तृत असो, त्यात जे शिरते ते कोणीतरी बोललेल्या वाक्यातून शिरते.

त्या वाक्याचा विचार मराठीत फारसा झालेला नाही. ‘औषध घेता का?’ या प्रश्नाला बोलीत ठरावीक व्याप्ती आहे. डॉक्टरने दिलेली गोळी व इंजेक्शन हे औषध; काढा, चूर्ण, भस्म, टॉनिक, शक्तीची पुडी, काविळीवरची गावठी मुळी ही बहुधा त्यात मोडत नाहीत. रोगी ‘नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. प्रश्नच अपुरा असतो. तेव्हा या प्रत्येक वस्तूचे नाव घेऊन, आणि गेल्या तीन महिन्यांचा काळ सांगून विचारले पाहिजे. रंगाच्या शब्दांतही असाच धोका आहे. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी-तांबडी होते. घाबरू नका, असे रोग्याला प्रारंभीच सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण काविळीत लघवी गडद होते, तेव्हा तोच रोगी हाही रंग गोळीचाच समजून स्वस्थ बसण्याचा संभव असतो. म्हणून केवळ ‘पिवळी’ व ‘लाल’ हे शब्द पुरेसे नाहीत. अन्नावरची वासना उडणे, मळमळ, उजव्या कुशीत दुखणे, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होणे ही लक्षणे एकत्र सांगून, ती दिसताच गोळ्या देणाऱ्या केंद्रात त्याच दिवशी जावे, असे स्पष्ट वाक्य रोग्याच्या हाती असावयास हवे.

येथे आपल्या विद्यापीठांना करण्याजोगे काम आहे. कोल्हापूर परिसरातील बोलीत औषध, लक्षण, रंग व वनस्पती यांची जी नावे प्रत्यक्ष वापरात आहेत त्यांचा संग्रह भाषाविभागाने करावा. वनस्पतींच्या बाबतीत प्रत्येक नावापुढे वाळवलेला नमुना वनस्पतिशास्त्राच्या विभागाने ठेवावा. आणि त्यावरून रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांचा मराठी मसुदा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने तयार करून पडताळावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधास हा विषय कोणत्याही अंगाने अपुरा पडणारा नाही. त्याचा उपयोग ग्रंथालयापुरता राहणार नाही हे त्याचे अधिक मोल होय. कबनूरच्या एखाद्या मागावरील कामगाराला दवाखान्यात विचारला जाणारा पहिला प्रश्न त्यामुळे बदलेल, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरावर त्याच्या गोळ्या चालू ठेवावयाच्या की थांबवावयाच्या हे ठरणार आहे.